वाऱ्याआडची जागा

१

आमगावात केवळरामच्या सायकलच्या दुकानावर एक खोली आहे. तिला जिना बाहेरून. रोज सकाळी साडेसहाला ओमेश त्या जिन्यावरून सायकल खांद्यावर घेऊन उतरायचा आणि शटर वर करता करता केवळराम रोज तोच टोमणा मारायचा, की जग सायकलनं कामाला जातं, या गड्याचं मात्र सायकल हेच काम. टोमणा शिळा होऊन गेला होता. पण गिऱ्हाईक आणि टोमणा दोन्ही जुनेच बरे, असं केवळरामचं मत होतं.

आणि ते खरंही होतं. ओमेश पुण्याच्या एका व्यावसायिक टीमचा शर्यतपटू. वर्षातले सात महिने टीमबरोबर गावोगावच्या शर्यती, उरलेले पाच महिने घरच्या रस्त्यावर सराव. रस्ता ठरलेला, आमगाव ते सालेकसा आणि परत.

डिसेंबर लागला होता. धान कापून झालं होतं, धानाच्या शेतांच्या बांध्या उघड्या पडल्या होत्या, मळणीचा भुसा रस्त्याच्या कडेनं उडत होता. त्या दिवसांत सकाळचा वारा सालेकशाकडून येतो आणि सरळ छातीवर बसतो. अशा वाऱ्यात एकट्यानं सायकल हाणायची म्हणजे ओल्या धानाचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढायचा. ओमेशला सवय होती. तो मान खाली घालून चालला होता.

त्या मंगळवारी, गाव मागे पडल्यावर चौथ्या किलोमीटरला वारा थांबला.

थांबला म्हणजे फक्त ओमेशच्या अंगावरचा. रस्त्याकडेच्या देवळावरचा झेंडा त्याच्याच दिशेनं ताठ उडत होता. वाळलेलं गवत त्याच्याकडे वाकलं होतं. पण कानातला घोंगाट बंद झाला, छाती हलकी झाली, पाय आपोआप फिरायला लागले. दहा वर्षं सायकल चालवलेल्या माणसाला हे काय असतं ते सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या मागे, चाकाला चाक लावून बसलं की असंच वाटतं. पुढचा गडी वारा फोडतो, मागचा त्याच्या आडोशानं जातो. या लोकांच्या भाषेत त्याला चाक धरणं म्हणतात.

ओमेशनं मान वर केली. पुढे रस्ता मोकळा होता. वळणापर्यंत कोणी नव्हतं.

२

पहिल्या दिवशी त्यानं हवेला दोष दिला. दुसऱ्या दिवशी झाडांना. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं हँडलवरच्या आकड्याकडे नीट पाहिलं.

त्यांच्या सायकलींना एक यंत्र असतं. पाय पॅडलवर किती जोर लावतो ते आकड्यात दाखवतं. समोरच्या वाऱ्यात छत्तीसच्या वेगाला ओमेशचा आकडा तीनशेच्या खाली कधी येत नसे. त्या दिवशी वेग छत्तीस आणि आकडा दोनशे पाच.

मग त्यानं एक गोष्ट करून पाहिली. सायकल हातभर उजवीकडे घेतली. वारा खाडकन तोंडावर आला, आकडा तीनशेवर. परत आधीच्या जागी आला, वारा गेला. डावीकडे घेतली, तेच. आडोशाला रुंदी होती. एका माणसाच्या खांद्यांएवढी.

दुपारी त्यानं केवळरामला एवढंच सांगितलं, की यंत्र बिघडलं आहे. केवळराम सातवीपर्यंत शिकलेला, पण सायकलच्या बाबतीत त्याला कंपनीचे इंजिनीअर फोन करून विचारत, असं तो स्वतःच सांगे. त्यानं सायकल उलटी टांगली, पॅडलला दुकानातलं वीस किलोचं वजन बांधलं, आकडा पाहिला, मग दहाचं बांधून पाहिलं. आकडे चोख निघाले.

हात पुसत त्यानं एक किस्सा सांगितला. त्याच्या बापाच्या काळी सालेकशाचा एक माणूस मोहफुलं विकायला यायचा. पहाटे घरी तोलून आणायचा आणि दुपारी दुकानात वजन कमी भरलं की भांडायचा, काट्यात खोट आहे म्हणायचा. बापानं एकदा त्याचाच काटा मागवला आणि दोन्ही काटे शेजारी मांडले. दोन्हींवर वजन सारखंच भरलं. पहाटे फुलांवर दव असायचं, दुपारपर्यंत ते वाळून जायचं.

"काटा बराबर हाये, गा," केवळराम म्हणाला. "मालात काही बदललं असन."

ओमेश हसला नाही. केवळरामनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पंक्चर काढायला बसला.

३

वरच्या खोलीत दोन खाटा होत्या. भिंतीत दोन खुंट्या, सायकली टांगायला. एक खुंटी सकाळी रिकामी व्हायची आणि दुपारी भरायची. दुसरीवर मोहितची सायकल चार महिने होती तशीच होती, पुढचं चाक दुमडलेलं.

मोहित नवेगाव बांधचा. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावोगावचे तलाव बांधले, त्या लोकांतला. केवळरामला तो सापडला त्याचीही एक गोष्ट होती. केवळराम स्कूटरनं त्या भागात गेला होता. चढावर एका पोरानं साध्या सायकलवर, मागे शिंगाड्याचं पोतं बांधून, त्याच्या स्कूटरला मागे टाकलं. केवळरामनं स्कूटर दामटली, पोराला गाठलं, आणि पोरगं ऐकून घेण्यापुरतं थांबावं म्हणून सगळे शिंगाडे विकत घेतले. ते खाऊन घरच्यांची पोटं बिघडली, हा किस्सा तो अजून सांगायचा. आता मात्र अर्ध्यावर सोडून द्यायचा.

मोहितला घडवलं ओमेशनं. चाक कसं धरायचं, वळणावर वजन कुठं टाकायचं, सगळं. आणि सगळ्यात आधी हात. मागे बसलेल्याला रस्ता दिसत नाही, त्याला पुढच्याचं चाकच दिसतं. त्यामुळे खड्डा आला, रेती आली, की पुढच्यानं हात खाली सोडून बोटानं दाखवायचं. मागचा त्या हातावर जीव टाकून चालतो. टीममध्ये भांडा, बोलणं सोडा, पण हात द्यायचाच. ही त्या धंद्यातली आण आहे.

चार वर्षं मोहित पुढे राहून वारा फोडायचा आणि ओमेश मागे बसायचा, कारण ओमेश टीमचा लीडर होता आणि लीडरला शेवटच्या किलोमीटरसाठी राखून ठेवतात. यंदा आखाडात टीमच्या प्रशिक्षकाचा फोन आला. पुढच्या वर्षी मोहित लीडर, ओमेशनं त्याच्यासाठी वारा फोडायचा. मोहित दोन दिवस नजर चुकवत होता. मग म्हणाला, "दादा, मी नाई बोललो त्याईले तसं." ओमेशनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, आता मागे बसायला शीक.

पोळ्यानंतरच्या शनिवारी सालेकशाच्या रस्त्यावर, ओढ्यावरच्या एका पुलियावर, ओमेशच्या मागे बसलेल्या मोहितचं चाक खड्ड्यात गेलं. वेग बेचाळीस होता. डोकं कठड्यावर आपटलं. गोंदियाला नेईपर्यंत तो राहिला नाही.

ओमेशनं सगळ्यांना सांगितलं, मी हात दिला होता, त्याचं ध्यान नव्हतं. पोलिसांना सांगितलं, केवळरामला सांगितलं, मोहितच्या आईला सांगितलं.

त्यानं हात दिला नव्हता. खड्डा त्याला लांबून दिसला होता. हात हँडलवरून सुटलाही होता, आणि त्यानं तो परत ठेवला. पंक्चर व्हावं, पोरगं आज मागे राहावं, एवढंच त्याच्या मनात आलं होतं. याहून जास्त काही नव्हतं. हे तो स्वतःला रोज सांगायचा, आणि रोज ते थोडं कमी पडायचं.

४

आता प्रशिक्षकाचे फोन ओमेशला यायला लागले. लीडर तोच, हे ठरलं. रोजचे वेगाचे आकडे पाहून प्रशिक्षक खूश होता. इतक्या कमी जोरात इतका वेग, असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

त्यातली बोच ओमेशला कळत होती. मागे बसतो तो लीडर. कुणीतरी रोज पहाटे चौथ्या किलोमीटरला त्याच्यापुढे येऊन त्याला लीडर करत होतं.

तो स्वतःशी वाद घालायचा. मनावर परिणाम झाला की माणसाला काहीही वाटतं. पण मनावर झालेला परिणाम यंत्राच्या आकड्यात कसा उतरतो, या प्रश्नाशी वाद अडायचा.

मग एक दिवस त्याची सायकल आपोआप डावीकडे सरकली, आणि त्यानंतर क्षणभरानं उजव्या बाजूनं एक खड्डा निघून गेला. खड्डा त्यानं पाहिला नव्हता. शरीर आधी वळलं होतं. असं शरीर एकाच गोष्टीनं वळतं, पुढच्याचा हात खाली गेला की. त्यानं नजर समोर, रस्त्यापासून हातभर उंचीवर लावली. तिथं काही नव्हतं. पण पुढच्या खड्ड्यालाही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. एकही खड्डा चुकला नाही.

त्या पुलियापर्यंत तो सराव पुन्हा सुरू केल्यापासून गेला नव्हता. अलीकडच्या शाळेपाशी तो रोज वळायचा. त्या दिवशी शाळा आली तशी त्यानं ब्रेकवर बोटं ठेवली, पाय मात्र फिरतच होते.

आणि समोरून आवाज आला. टिकटिकटिक.

शर्यतीच्या सायकलीचं मागचं चाक, पाय थांबवले की असं वाजतं. मोहितच्या चाकाचा आवाज सगळ्या टीममध्ये मोठा. सगळे त्यावरून त्याला रातकिडा म्हणत. चाक धरणाऱ्याला या आवाजाचा अर्थ पाठ असतो. पुढच्यानं पाय थांबवले आहेत.

ओमेशनं आपल्या पायांकडे पाहिलं. ते फिरत होते. त्याचं स्वतःचं चाक गप्प होतं.

पुढचा पाय थांबवून वाट पाहत होता. ओमेश शाळेपाशी वळला आणि घरापर्यंत एकदाही न थांबता आला.

५

शुक्रवारी दुपारी मोहितची आई कुंदाबाई आली. सामान न्यायला चार महिने तिचं मन झालं नव्हतं. केवळरामनं तिला वर आणलं, चहा सांगितला आणि गिऱ्हाइकाचं निमित्त करून खाली गेला.

ती मोहितच्या खाटेवर बसली. ओमेश दाराशी उभा राहिला. तिनं कपड्यांच्या घड्या केल्या, झालेल्या मोडून पुन्हा केल्या. सायकलकडे पाहिलं आणि ती इथंच राहू दे म्हणाली. घरी टांगायला भिंत आहे, पण रोज पाहायला डोळे नाहीत.

खालून केवळरामच्या हातोडीचा आवाज येत होता.

"त्या दिवशी सकाळी मी फोन केल्ता त्याले," ती म्हणाली. "निघाच्या आधी. घरी ये म्हटलं, आता नाई येत म्हणे. मले राग आला. मी म्हटलं, सायकलच तुही माय हाये, जाय तिच्याचजवळ." तिनं हातातला टीशर्ट गुडघ्यावर सपाट केला. "तेच घोकत बसला असन तो. मनून तुहा हात नाई दिसला त्याले."

ओमेशचं तोंड उघडलं.

"मीच मारलं गा त्याले," कुंदाबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "तू हात देल्ता. तुहा काही दोष नाई. तू मनाले लावून घेऊ नको."

तिनं असं म्हणायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर कदाचित त्याला बोलता आलं असतं. ती पिशवी उचलून निघाली, तेव्हा त्यानं पिशवी घेतली, तिला स्टेशनपर्यंत सोडलं, गाडीत जागा मिळवून दिली. जे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, आणि ते एक वाक्य सोडून बाकी सगळं बोलला.

परत खोलीत आला, तर भिंतीवरच्या सायकलचं मागचं चाक हलकं हलकं फिरत होतं. कुंदाबाईचा धक्का लागला असेल, असं त्यानं ठरवलं. तिला स्टेशनवर सोडून यायला त्याला पाऊण तास लागला होता.

६

रविवारी तो शाळेपाशी वळला नाही.

आडोसा होताच. वेग हळूहळू चढत गेला. अडतीस, चाळीस, बेचाळीस. त्यानं काही केलं नव्हतं, तो फक्त मागे बसला होता. पुलियाचा पांढरा कठडा दिसायला लागला. खड्डा अजून बुजवलेला नसणार हे त्याला माहीत होतं, पण त्या जागेवरून आता त्याला तो दिसत नव्हता. समोर रस्ता मोकळा असूनही दिसत नव्हता. मागे बसलेल्याला जेवढं दिसतं, तेवढंच.

ब्रेक दाबावा असं त्याला वाटलं. मग वाटलं, न दाबलेलं बरं. आता हात आला नाही तर हिशोब बरोबर होईल. त्यानं बोटं ब्रेकवरून काढून घेतली आणि वाट पाहिली.

हात आला. खूप आधी आला. काळा, अर्ध्या बोटांचा हातमोजा, अंगठ्यापाशी शिवण उसवलेली, मनगटावर उन्हानं रापलेल्या कातडीचा पट्टा. मनगटाच्या वर काही नव्हतं, किंवा असेल, तर ओमेशनं पाहिलं नाही. बोट खाली, उजवीकडे रोखलेलं होतं, आणि ते खड्डा येईपर्यंत तसंच राहिलं. लहान पोराला रस्ता ओलांडून देताना धरतात, तसा धीर त्या हातात होता.

खड्डा बाजूनं गेला. कठडा गेला. पुलिया मागे पडली.

मग कोपर हललं. एकदाच, बाहेरच्या बाजूला. टीममध्ये त्याचा अर्थ एवढाच असतो, माझं झालं, आता तू पुढे ये.

वारा भिंतीसारखा अंगावर आला. ओमेश पुढे होता. आणि मागे, उजव्या कमरेपाशी, कुणाचातरी श्वास ऐकू येत होता.

असं झाल्यावर मागे वळून पाहत नाहीत. पाहिलं की सायकल हेलकावते, आणि मागचा पडतो. थांबताही येत नाही. अचानक ब्रेक लावला तर मागचा येऊन आदळतो. हे सगळं ओमेशनंच त्याला शिकवलं होतं. म्हणून तो थांबला नाही. रुंद वळण घेऊन तो आमगावकडे फिरला, आणि रस्त्यात जे जे आलं ते दाखवत गेला. खड्डा, रेती, शेण, उलटलेली वीट. हात खाली सोडून, लांबून.

आमगावच्या बाजारात केवळरामनं त्याला दुकानावरून जाताना पाहिलं आणि हाक मारली. रिकाम्या रस्त्यावर एकटा माणूस हातानं खड्डे दाखवत चालला होता. केवळरामनं दुसरी हाक मारली नाही. ओमेश देवरीच्या रस्त्याला लागला. पुढं सत्तरएक किलोमीटरवर नवेगाव बांध होतं. मागच्याचं घर कुठं आहे ते त्याला माहीत होतं.

७

ऊन डोक्यावर येत होतं. कुंदाबाई अंगणात सुपात धान पाखडत बसली होती. ओमेश अंगणाच्या तोंडाशी थांबला. थांबण्याआधी बराच वेळ त्यानं हात मागे उघडून धरला होता, थांबतो आहे हे सांगायला. सायकलवरून तो उतरला नाही. एक पाय फक्त जमिनीला टेकवला.

"मावशी," तो म्हणाला, "मी हात नव्हता देल्ला."

सूप थांबलं.

"खड्डा मले दिसला होता."

"लांबून?" तिनं विचारलं.

"लांबून."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "मंग मी बोलली ते?"

"त्याचं ध्यान पुरं होतं, मावशी. माह्या चाकावर होतं."

त्यानं वाट पाहिली. काऊन, असं ती विचारील असं त्याला वाटलं होतं, आणि लीडर, प्रशिक्षक, पंक्चर, सगळं सांगायची त्यानं रस्ताभर तयारी केली होती. तिनं विचारलं नाही. पदरानं तोंड झाकून घेतलं. खांदे हलले ते थोडाच वेळ. चार महिन्यांचं काहीतरी तिच्या पाठीवरून उतरत होतं, आणि ते उतरताना पाहायचा हक्क आपल्याला नाही, एवढं ओमेशला कळलं.

"तू जाय," ती पदराआडून म्हणाली. "इथं आता नको येऊ."

त्यानं सायकल जागच्या जागी फिरवली. तेवढ्यात कुंदाबाईनं मान वर केली. तिची नजर ओमेशवर नव्हती. ती त्याच्या मागच्या चाकाच्या हातभर मागे होती, सायकलवर बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर. ओमेशनं तिला काहीच सांगितलं नव्हतं. त्या आडोशाचं नाही, हाताचं नाही, कशाचंच नाही.

"तू कायले चालला त्याच्या मांगं?" ती म्हणाली. आवाज अगदी घरचा होता. "थांब ना. भात हाये."

ओमेशनं मागे पाहिलं नाही. त्यानं पॅडलवर पाय दिला आणि अंगणातून बाहेर पडला. कमरेपाशी आता श्वास नव्हता. पाठीमागे कुंदाबाई बोलतच होती, खालच्या आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. शब्द कळत नव्हते. फक्त मधे मधे ती थांबत होती, समोरच्याच्या उत्तराला लागेल तेवढा वेळ, आणि मग पुन्हा बोलत होती.